टाके पिकल्याची नोंद कुठे होते?

२०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात सॅनिटायझरची दोनदा बातमी झाली. ३१ जानेवारीला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावी पोलिओ लसीकरणात बारा बालकांच्या तोंडात लशीऐवजी हातावर चोळायच्या सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवावे लागले. ती बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पुढे एप्रिलच्या टाळेबंदीत वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यालेले सात जण दगावले. ही बाटली रुग्णालयात ठेवतात ती एका रुग्णाला हात लावल्यावर दुसऱ्याला लावण्याआधी हात निर्जंतुक करता यावेत म्हणून. ते काम रोज किती वेळा झाले आणि किती वेळा राहून गेले, याची बातमी कधी आली नाही. येणारही नाही, कारण ते मोजले जात नाही.

उपचार घेताना लागणाऱ्या जंतुसंसर्गाची सगळी अडचण इथे आहे. साप चावला, फवारणीचे विष चढले, अपघात झाला की कारण सर्वांना दिसते. पण आजार एका कारणाने आणि मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला, तर दाखल्यावर पहिलेच कारण येते आणि घरचेही तेच सांगतात. वैद्यकशास्त्राची ढोबळ व्याख्या अशी: रुग्ण भरती झाला तेव्हा नसलेला आणि भरतीनंतर ४८ तास उलटून गेल्यावर दिसू लागलेला संसर्ग हा रुग्णालयातला. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी ही मुदत ३० दिवसांपर्यंत धरतात, शरीरात रॉड-प्लेट बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जगाचा आढावा घेतला. तीव्र आजारांसाठी भरती झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सुमारे सात आणि मध्यम व गरीब देशांत सुमारे पंधरा जणांना असा एक तरी संसर्ग होतो, आणि त्यातला सरासरी दहावा रुग्ण दगावतो, असे त्यात म्हटले आहे. हातांची आणि इतर साधी स्वच्छता नीट पाळली तर यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात, हेही त्याच अहवालात आहे.

यवतमाळचा रुग्ण एका रुग्णालयात क्वचितच थांबतो. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून पुसद, दारव्हा किंवा पांढरकवड्याचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि तिथेही जमले नाही की सावंगी, सेवाग्राम नाहीतर नागपूर. उमरखेडचा माणूस नांदेड गाठतो, वणीचा चंद्रपूर. सोळा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत पावणेअठ्ठावीस लाखांचा हा जिल्हा; रेफरची चिठ्ठी घेऊन शंभर किलोमीटर जाणे इथे नवलाचे नाही. प्रत्येक मुक्कामी नवी सुई टोचली जाते, लघवीची नळी बदलते किंवा बदलायची राहते, नवा अँटिबायोटिक सुरू होतो. चौथ्या ठिकाणी पू झाला तर तो कुठून आला हे कोणी सांगू शकत नाही. जंतू रुग्णाबरोबर प्रवास करतात, कागदपत्रे मात्र अर्ध्या वाटेवर हरवतात.

२०१७ चा पावसाळा जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे गेली. चर्चा झाली ती कीटकनाशकांची, पंपांची, उंच वाढलेल्या कपाशीची, आणि ती व्हायलाच हवी होती. तरी हे रुग्ण ठेवलेल्या वॉर्डांतल्या यंत्रांकडेही पाहायला हवे. ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारच्या विषात तोंडाला आणि श्वासनलिकेला फेस व स्राव येतो, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाला कित्येकदा अनेक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. विष उतरेपर्यंत त्याला जगवायला दुसरा मार्ग नसतो. पण घशातून श्वासनलिकेत नळी गेली की खोकून कफ बाहेर टाकण्याची शरीराची सोय बंद पडते. तोंडातली लाळ आणि घाण नळीभोवतीच्या फुग्यावर साचते आणि थेंबाथेंबाने फुप्फुसात झिरपते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो, कफ पिवळा-हिरवा होतो. विषातून सुटलेला रुग्ण न्यूमोनियात अडकतो.

हे टाळण्याचे उपाय ऐकले तर कोणालाही नवल वाटेल इतके साधे आहेत. पलंगाची डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवणे, तोंड वरचेवर स्वच्छ करणे, झोपेचे औषध रोज थोडा वेळ थांबवून माणूस स्वतः श्वास घेतो का ते पाहणे, कफ ओढायची नळी निर्जंतुक हातांनी हाताळणे. यातले एकही काम महागड्या यंत्राचे नाही, सगळी कामे माणसाची आहेत. आणि माणूसच कमी असतो. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका आणि अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तिघांमागे एक, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. विदर्भातल्या कोणत्याही सरकारी मेडिसिन वॉर्डात रात्री फेरी मारली की हे प्रमाण कागदावर आहे हे कळते.

मग ती कामे कोण करते? नातेवाईक. नाकातून पोटात गेलेल्या राईल्स ट्यूबमधून दूध घालणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, कूस बदलणे, मळलेली चादर काढणे ही सगळी कामे गावाहून आलेली बायको, भाऊ नाहीतर म्हातारी आई करते. शेजारच्या खाटेवर कोणी एकटा असेल तर त्याचेही करते; आपल्याकडची ती माणुसकी आहे. एका पिशवीवरून दुसऱ्या पिशवीकडे जाणाऱ्या त्या हातांना मध्ये धुण्याची गरज असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. वॉर्डात गर्दी करू नका असा फलक मात्र दारावर असतो. नातेवाइकांना दोष देणाऱ्या या फलकांचा मला नेहमी राग येतो. ज्यांच्या फुकट श्रमावर वॉर्ड चालतो त्यांना पहिल्या दिवशी दहा मिनिटे शिकवण्याऐवजी आपण दटावतो.

पाण्याचा प्रश्न यवतमाळात स्वतंत्र आहे. २०१७ चा पाऊस आखडला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ दाखवला. शहर टँकर आणि बोअरवर आले. साबणाने हात नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद आणि वाहते पाणी लागते. नळाला पाणी नसेल तिथे सॅनिटायझर हाच मार्ग, आणि त्याचे मिश्रण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे अल्कोहोल, ग्लिसरीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उकळलेले पाणी घेऊन रुग्णालयाच्या औषधशाळेतही बनवता येते. मात्र रक्ताने, पुवाने माखलेल्या हातांवर ते चालत नाही, आणि काही जंतूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा वॉर्डातले कूलर सुरू होतात. कूलर बाहेरची ताजी हवा आत खेचतो, तेवढा तो चांगलाच. पण त्याच्या टाकीतले साचलेले पाणी आठवड्यात बदलले नाही, तर ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूंना आपण घर बांधून देतो.

अशा ओलसर जागी रमणारा एक जंतू म्हणजे स्यूडोमोनास. मुंबईत जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात जानेवारी २०१९ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सात जणांच्या डोळ्यांना संसर्ग झाला आणि पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याआधी २०१५ मध्ये यवतमाळला लागूनच असलेल्या वाशिमच्या जिल्हा रुग्णालयातल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर अनेकांच्या डोळ्यांत जंतू शिरले, रुग्णांना मुंबईला जे.जे. रुग्णालयात न्यावे लागले. डोळ्याचा संसर्ग लपत नाही. एकाच दिवशी, एकाच टेबलावर ऑपरेशन झालेले पाच-सात जण एकदम आंधळे होतात, म्हणून त्याची चौकशी होते. सिझेरियन झालेल्या पाच बायका पाच वेगवेगळ्या गावी गेल्या आणि पाचही जणींचे टाके पिकले, तर ती पाच घरांतली पाच दुखणी राहतात.

नवजात बाळांच्या विभागात सारे धोके एकवटतात. ऑगस्ट २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एका महिन्यात ५५ बाळे दगावली तेव्हा एकेका वॉर्मरवर दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती हे पुढे आले. सारे मृत्यू संसर्गाचे नव्हते. कमी वजन, उशिरा रेफर होणे अशी कारणे होतीच. पण दोन बाळे एका गादीवर ठेवली की एकाचा जंतू दुसऱ्याचा व्हायला वेळ लागत नाही. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजातांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात सर्वाधिक सापडलेला जंतू होता अ‍ॅसिनेटोबॅक्टर, २२ टक्के. त्याखालोखाल क्लेबसिएला, १७ टक्के. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. पलंगाचा कठडा, मॉनिटरचे बटण, स्टेथोस्कोप, मोबाईल, सगळे त्याला चालते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी नोंदींत या जंतूचे ८० टक्क्यांहून अधिक नमुने मेरोपेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत असे अलीकडच्या वर्षांत दिसते आहे. पुढचे औषध कोलिस्टिन. ते मूत्रपिंडावर घाला घालू शकते.

विदर्भातच याची उलटी बाजूही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजाताची काळजी घ्यायला आणि जंतुदोष ओळखून त्यावर औषध द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. बाळाला घरी, आईच्या कुशीत ठेवून हे साधले. म्हणजे दवाखान्यात जाऊच नये असा अर्थ कोणी काढू नये. अडलेल्या बाळंतिणीला घरी ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. पण ज्याला भरतीची गरज नाही त्याला भरती न करणे, ज्याला सलाईन नको त्याला न लावणे, हाही संसर्ग टाळण्याचाच मार्ग आहे.

सलाईनचे वेड तर आपल्या गावोगावचे. अशक्तपणा आला, ‘एक बाटली लावून द्या’. अंग दुखते, ‘सुई मारा’. सुई न देणारा डॉक्टर गावात टिकत नाही. दोन हजारच्या दशकात झालेल्या एका देशव्यापी पाहणीत भारतातली जवळजवळ दोन तृतीयांश इंजेक्शने असुरक्षित पद्धतीने दिली जात असल्याचे आढळले होते. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजांतून हिपॅटायटिस-बीची साथ पसरली आणि माणसे मेली. आता एकदाच वापरायची सिरिंज सर्वत्र मिळते, तो धोका कमी झाला आहे. पण सलाईनच्या बाटलीच्या बुचात हवेसाठी सुई टोचून ठेवणे, एकच मोठी कुपी दिवसभर अनेकांना वापरणे, स्पिरिटमध्ये आधीच भिजवून ठेवलेले बोळे, हे अजून पाहायला मिळते.

रक्ताचा प्रश्न वेगळा आणि यवतमाळला जवळचा. कोलाम, गोंड आणि इतरही समाजांत सिकलसेल आहे; काही रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुले रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीबाधित झाल्याचे उघड झाले, त्यातले एक दगावले. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या सक्तीच्या आहेत, पण दात्याला नुकतीच लागण झाली असेल तर नेहमीच्या चाचणीत ती काही आठवडे दिसत नाही. न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी (नॅट) हा काळ बराच कमी करते. ती महाग, म्हणून सगळीकडे होत नाही. ज्याला आयुष्यात एकदा रक्त लागते त्याच्यासाठी हा धोका नगण्य. दर महिन्याला लागते त्याच्यासाठी तो बेरजेने वाढतो. नॅट तपासलेले रक्त आधी कोणाला द्यायचे याचे उत्तर त्यामुळे अवघड नाही.

जे उपचार करतात तेही सुटत नाहीत. यवतमाळच्या सीमेपलीकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मधुकर पै, डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या सुप्त संसर्गासाठी तपासणी केली. २००५ मध्ये ‘जामा’त आलेल्या या अभ्यासात निम्मे कर्मचारी एका ना एका चाचणीत पॉझिटिव्ह निघाले. एका ग्रामीण रुग्णालयाने आपल्याच माणसांच्या बाबतीत हे मोजले आणि जगापुढे मांडले, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यातून त्यांची बदनामी झाली नाही.

कायदे आणि योजना कमी नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, पिवळ्या-लाल पिशव्या, निळा डबा आणि सुयांसाठी पांढरा डबा आहे, २०१५ पासून सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ची बक्षिसे आहेत, केंद्र सरकारची २०२० ची संसर्ग नियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. खासगी रुग्णालयांनी एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन घेतले तर संसर्गाचे दर मोजणे आले, पण ते घेणे ऐच्छिक. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. खासगी नर्सिंग होम्सचा कारभार अजून १९४९ च्या कायद्यावर, २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनिशी चालतो. ‘कायाकल्प’मुळे भिंती रंगल्या, बागा झाल्या, प्रसाधनगृहे सुधारली, त्याला नाव ठेवायचे कारण नाही. पण चकचकीत फरशीवरून संसर्गाचा दर कळत नाही.

दर कळण्याच्या आड सर्वांत जास्त काय येते, तर निलंबन. प्रकार उघड झाला की कोणाला तरी घरी बसवायचे ही आपली जुनी रीत आहे, इंग्रजांपासूनची. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १०७ पैकी १९ जण धनुर्वाताने मेले. लस मुंबईत परळला, ती शोधणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, आणि ती गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे दिसून आले. मात्र दोष आधी हाफकिन यांच्या माथी बसला, त्यांना पद सोडावे लागले, आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. पुढे १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेलाच त्यांचे नाव दिले गेले. कापसी-कोपरीत लशीच्या जागी सॅनिटायझरची बाटली हातात कशी आली, या प्रश्नापेक्षा कोणावर कारवाई झाली याची बातमी मोठी होती. अशा वातावरणात कोणती सिस्टर स्वतःहून लिहील, की या महिन्यात माझ्या वॉर्डात सहा बायकांचे टाके पिकले?

आणि सिझेरियनचे टाके हीच मोजणी सुरू करायची सर्वांत सोपी जागा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आणि चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक, २५.४ टक्के, सिझेरियनने झाल्याचे दिसते. बाई चार-सात दिवसांत घरी जाते. टाके पिकतात ते बहुतेकदा त्यानंतर. ती मग गावातल्या डॉक्टरकडे ड्रेसिंग करते, हळद लावते, फार झाले तर तालुक्याला जाते. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे ती परत गेली नाही तर त्या रुग्णालयाच्या लेखी ती बरी होऊन घरी गेली. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूती वॉर्डातल्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनपर्यंत दोनवर आले, हे त्यांना कळले कारण तिथे महिन्यावारी मृत्यू मोजले जात होते.

आपल्याकडे मोजणारे माणूस आधीच दारात उभे आहे. गडचिरोलीच्या प्रयोगातून पुढे घडलेल्या आणि २०११ पासून देशभर लागू झालेल्या घरपोच नवजात काळजीच्या कार्यक्रमात आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. जखमेच्या संसर्गासाठी शास्त्राने ठरवलेले ३० दिवस यात पूर्ण बसतात. ती बाळाचे वजन करते, आईला ताप आहे का विचारते. टाक्यांभोवती लाली, पू, उकल आहे का हे पाहून ते जिल्ह्याच्या एका तक्त्यात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या नावापुढे, गेले पाहिजे. त्यासाठी तिला वेगळा मोबदला द्यावा लागेल. तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ फॉर्म आहेत. सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालये त्यात यायला हवीत, नाहीतर गाजेल ते एकटे सरकारी. आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी पहिल्याच बैठकीत सांगायला हवे की पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून कोणाचे निलंबन होणार नाही. कारण जे रुग्णालय खरी नोंद ठेवू लागेल त्याचा आकडा पहिल्या वर्षी शेजारच्यापेक्षा वाईटच दिसेल, आणि जे मोजणारच नाही त्याचा शून्य.